माईला आणायची गाडी

३ मे, रविवार

धारहून परत आलो. माईशिवाय. दिवा लावला, पण तोंडातून एक स्तोत्र निघेना. नुसती चीड.

सकाळी सगळं ठरल्याप्रमाणे होतं. दादाच्या वरच्या मजल्याच्या खिडकीतून चिनूने रिमोट दाबला आणि खाली गल्लीत गाडी आपोआप चालू. एसीसुद्धा. माईला तापलेली गाडी सोसायची नाही म्हणून तर हे यंत्र बसवलं म्हणे. शेजारपाजारचे बघायला बाहेर. कुणीतरी म्हणालं, "क्या बात है भिया, गाडी में भूत बिठा लिया क्या?" चिरंजीव फुगले.

मग चिनूने आणि दादाने माईला वेताच्या खुर्चीत बसवून जिना उतरवली. दिवाळीत अर्धं अंग गेलं तेव्हापासून पहिल्यांदाच घराबाहेर. स्वतः खूण करून जांभळं लुगडं काढायला लावलं होतं. मी देवांची डबी नेहमीच्या जागी, स्टेअरिंगखालच्या कप्प्यात ठेवली आणि माईशेजारी बसले. चिनूने किल्ली लावून ब्रेक दाबला, आणि गाडी बंद.

मग घुर्र करते नि विझते. घुर्र नि विझते. किल्लीचं चित्र असलेला लाल दिवा लुकलुक लुकलुक. काचा तापल्या. माईचं तोंड लाल, गळ्याखाली घामाचा ओघळ, माझा अंगठा मुठीत घट्ट. तिला धड बोलता येत नाही, पण मला कळत होतं. वहिनी ओट्यावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "वन्सं बसल्या नि बंद पडली बघा."

दादा म्हणाला, "काढा तिला बाहेर."

तशीच पुन्हा खुर्चीत बसवून वर नेली. मी पिशवी, डबी, सगळं घेऊन तिच्या मागे. वर पोचते तोच खाली गाडी चालू झाल्याचा आवाज. माणूस काय म्हणणार!

येताना डबी मांडीवरच राहिली, ठेवायचं सुचलं नाही.

४ मे, सोमवार

रात्री झोप नाही. दादाचं बोलणं कानात. "शालू, एक गाडी धड नाही तुमच्याकडे, आणि माईला सांभाळायला निघालीस?" नि मी काय बोलून बसले! "याच गाडीतून नेईन. तुमच्या डोळ्यांदेखत." कशाला बोलायचं होतं? टॅक्सी होती. पण आता शब्द गेला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दादा-वहिनी पुण्याला जाणार, त्यांच्या मंजूचं बाळंतपण. तोवर माई माझ्याकडे आली तर आली. नाहीतर दादा तिला इंदूरला ठेवणार, पैसे घेऊन म्हातारी माणसं सांभाळतात तिथे. पाहून आला आहे. "स्वच्छ आहे, नर्स आहे, टी.व्ही. आहे." माझ्या माईला टी.व्ही.!

मी इकडे देवासला मागची खोली रिकामी करून ठेवलेली. खाट अशी लावली आहे की पडल्यापडल्या खिडकीतून देवीची टेकडी दिसावी. देवीची ओटी भरायची आहे तिला. आजारी पडल्यापासून जे चार शब्द येतात त्यात "देवी" एक आहे.

ॲम्ब्युलन्समध्ये ती बसणार नाही. बाबा त्यातून गेले ते परत आले नाहीत.

५ मे, मंगळवार. अंगारकी.

आज उपास, तरी तोंड कडू आहे म्हणून लिहून टाकते.

हे यंत्र काय आहे ते चिनूने समजावलं. तीनदा समजावलं तेव्हा कळलं आणि कळल्यावर जास्त किळस आली. आजकालच्या किल्लीच्या डोक्यात म्हणे एक कण असतो. गाडी तो कण ओळखते, मगच चालू होते. म्हणजे चोराने साधी किल्ली घडवली तरी उपयोग नाही. उत्तम. इथवर मला पटलं. आता रिमोटने चालू करायची तर आत किल्ली नाही. मग काय केलं? आपली दुसरी किल्ली, कोरी करकरीत, एका काळ्या खोक्यात घालून गाडीच्या पोटातच कायमची बसवून टाकली! गाडीला वाटतं मालक आला.

म्हटलं, "चिनू, मग त्या कणाचा उपयोग काय राहिला? घराला कुलूप घालून किल्ली दारातच टांगायची?"

"आई, तसं नसतं ते."

"कसं असतं मग?"

"सगळे लावतात."

संपलं. सगळे लावतात यापुढे बोलायची सोय नाही.

आणि एसीच लावायचा तर जिना उतरून किल्ली फिरवायला काय झालं होतं? पाय आहेत ना?

काय खर्च आला ते हिशेबाच्या वहीत आहे. इथे लिहून ही वहीही विटाळत नाही.

६ मे, बुधवार

गाडी दिवसभर नीट. ह्यांना नवीन खेळणं मिळालंय. नळखात्यातून निवृत्त झाल्यापासून हाताला काम नाही, आता ओसरीवर बसून रिमोट दाबतात. चालू. बंद. चालू. दूधवाल्याला दाखवलं. समोरच्या पाटीदारांना दाखवलं. पेट्रोल काय नळातून येतं?

"अगं, तपासून बघतोय. दर वेळी होतेय बघ."

होणारच. माई कुठे बसली आहे आत.

९ मे, शनिवार

गोलू भियाकडे, इंदूर. ज्याने यंत्र बसवलं तो. दुकानात निळे-जांभळे दिवे, छातीत धडधडेल असं गाणं, आणि सगळीकडे तो अत्तरासारखा गोड घाण वास. स्टूल दिलं ते रुमालाने पुसून बसले.

"आंटीजी टेंशन मत लो. अपनी फिटिंग में फॉल्ट आता ही नहीं."

"मग आलं ते काय आहे?"

"वो गाड़ी का फॉल्ट है."

स्टेअरिंगखाली डोकं घातलं. मी देवासाठी कप्प्यात लाल कापड अंथरलेलं, ते गुटख्याच्या बोटांनी उचलून मागे फेकलं. मी ते उचलून पिशवीत घातलं. गाडी त्याच्या ताब्यात होती. एक तार ढिली होती म्हणे. किल्ली ओळखणाऱ्या कड्याभोवती तारेचे वेढे असतात, खोक्यातल्या किल्लीचा निरोप त्यातून गाडीपर्यंत जातो. आता हातातली किल्ली लावली तरी तो निरोप पोचल्याशिवाय गाडी लागत नाही म्हणे. ते वेढे त्याने पुन्हा घातले. खोकं काढून दाखवलं, काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेलं, आपल्याच कप्प्याच्या पाठीमागे. आपली कोरी किल्ली अशी मढ्यासारखी गुंडाळलेली!

मग दाबलं, चालू. पुन्हा, चालू. पुन्हा, चालू. "देखा?" निघताना दारातच पिचकारी टाकली. माझ्या चपलेपासून वीतभर.

घरी येऊन लाल कापड धुतलं.

१० मे, रविवार

टेकडीखाली फजिती.

माई यायच्या आधी डबीतला टाक देवीच्या पायाला लावून आणावा म्हणून चौघं गेलो. हे, चिनू, सूनबाई रश्मी आणि मी. जाताना नीट. दर्शन छान झालं. खाली आलो, डबी कप्प्यात ठेवली, नारळाचा प्रसाद वाटला, किल्ली फिरवली. घुर्र. विझली. तो लाल दिवा.

रविवारची गर्दी. मागे लोक हॉर्न वाजवताहेत. एक रिक्षावाला आला. "अंकल, धक्का लगाऊँ?" चिनू चिडून म्हणाला, "धक्के से नहीं होती ये." धक्कासुद्धा चालत नाही हिला! ह्यांच्या ऑफिसची जीप तर धक्क्यावरच चालायची, बिचारी.

रिक्षावाला म्हणाला, "तो फिर किस काम की?" शहाणा माणूस.

आम्ही दोघं प्रसाद घेऊन रिक्षाने घरी. डबी अर्थात बरोबर आणली. पंधरावीस मिनिटांत चिनू-रश्मी गाडी घेऊन दारात हजर. "तुम्ही गेल्यावर पहिल्या झटक्यात लागली, आई." रश्मी हसू दाबत होती. तिची चूक नाही. मलाच हसू आलं असतं, दुसऱ्याचं असतं तर.

१३ मे, बुधवार. एकादशी.

दादाचा फोन. कुठून कळलं देव जाणे, टेकडीखालचं सगळं माहीत. चिनूने मंजूला फोटो पाठवला असणार. यांना लाजेची गोष्टसुद्धा वाटून खायची असते.

"मग? लागते का गाडी?"

"लागते."

"कुणी बसल्यावर लागते का?"

मी म्हटलं टॅक्सी करते, त्यात काय! तर म्हणतो, "तूच म्हणालीस ना याच गाडीतून." मग आवाज जरा उतरवून म्हणाला, "शालू, गाडीचं नाही गं. तिला भर उन्हात घेऊन निघायचं आणि मध्येच असं काही झालं तर तू काय करशील? तू एकटी. भावजी साठीच्या पुढचे. पोरगा नोकरीवर." सात महिने त्याने आणि वहिनीने केलं आहे, ते मी बघितलं आहे. वहिनीचं तोंड तिखट आहे, पण माईच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही. ते मान्य करायलाच पाहिजे.

फोन माईच्या कानाशी धरायला लावला. बराच वेळ नुसता श्वास. मग, "येते."

हा शब्द नवीन आहे.

१५ मे, शुक्रवार

चिनूला सांगितलं, काढून टाक ते यंत्र. होतं तसं कर. म्हणतो गोलू भियाने मूळ तारा कापून जोडल्यात, काढणार तर तोच. इथल्या मिस्त्रीकडे नेली तर त्याने वाकून पाहिलं नि हात वर केले. "दूसरे की करी हुई वायरिंग में मैं हाथ नी डालूँ बेन." आणि गोलू भिया गावी गेला. साळ्याचं लग्न. जूनमध्ये परत.

तार कापायला पाच मिनिटं. जोडायला जून.

१७ मे, रविवार. आजपासून अधिक महिना.

पहाटे उठून स्नान, तेहतीस दिवे लावले. मन शांत होतं तोवर चिनू आला. स्वयंपाकघराच्या दारात उभा, नजर खाली.

"आई, आज मी नि बाबा धारला जाऊन येतो. मामाला दाखवतो की गाडी नीट आहे. तू... तू राहशील का घरी?"

"का?"

"असंच."

असंच कसं? मी कणीक मळत होते, मळतच राहिले. म्हटलं जा.

संध्याकाळी परत आले, दोघं खूश. जाताना बेटम्याला चहासाठी थांबले, चालू झाली. धारला मुद्दाम चार वेळा बंद करून चालू केली. दादासमोर. प्रत्येक वेळी झाली. रात्री दादाचा फोन. "गाडी छान झाली की. तू नव्हतीस म्हणे आज?" पाठीमागे वहिनी हसली ती ऐकली.

ह्यांनीही जेवताना म्हटलं, "तुझा पायच असा." गमतीत म्हटलं. पस्तीस वर्षं मी या घरात वावरते आहे, ह्यांची बढती, हे घर, दोन बाळंतपणं, सगळं याच पायांनी. आज गाडीच्या लेखी पाय वाईट.

भात अर्धा टाकून उठले. अधिक महिन्याच्या पहिल्या दिवशी ताटात अन्न टाकलं.

२० मे, बुधवार

लिहू की नको असं झालं.

दुपारी रश्मी आली. शाळेत शिकवते, सध्या सुट्टी म्हणून घरी असते. मुलगी चांगली आहे, इंदूरची, हिंदी शाळेत शिकलेली, मराठी बोलते पण मध्येच पाय घसरतो. म्हणाली, "आई, एक बोलू? तुम्ही नाराज नका होऊ."

"बोल."

"रविवारी बाबा आणि चिन्मय गेले तेव्हा देव घरीच होते ना? म्हणजे वो डिब्बी."

"मग? मी घरी तर देव घरी. दिवसभर बाहेर राहायचं तर पूजा चुकू नये म्हणून नेते. माझ्या सासूबाईंची पद्धत आहे."

"हां, तेच. तर मला वाटतं... गाडी तुमच्यामुळे नाही बंद होत. डिब्बीमुळे होते."

मी म्हटलं, "तोंड सांभाळून बोल. देव आड येतो?"

डोळ्यांत पाणी आलं तिच्या, पण हटली नाही. "आई, तुम्हाला सगळे बोलतात ते मला आवडत नाही. एकदा बघू या ना."

चिनू आल्यावर अंगणात बघितलं. डबी बाहेर, गाडी चालू. डबी कप्प्यात, घुर्र नि बंद. बाहेर, चालू. आत, बंद. एकदा डबी आत असूनही चालू झाली, तर रश्मीने ती जरा मागे सरकवली, खोक्याला टेकवली. बंद.

चिनूने गोलूला फोन लावला. पलीकडे बँडबाजा. "हो सकता है भिया! पीतल की है ना? मेटल पास में हो तो चाबी का सिगनल मर जाता है." हे त्याने कप्पा उघडला होता तेव्हा नाही सांगितलं. लाल कापड फेकायला तेवढा वेळ होता.

पितळेची डबी, आत बाळकृष्ण आणि भवानीचा चांदीचा टाक. मी रोज अष्टगंध लावते तो. गाडी सुखरूप जावी म्हणून त्या कप्प्यात ठेवते तो.

तिघंही माझ्याकडे बघत नव्हते. डबीकडे बघत होते. मी ती उचलली, पदराखाली घेतली आणि आत आले.

माझा पाय वाईट नाही एवढं सिद्ध झालं. ह्यांनी चहा स्वतः करून आणला. साखर विसरले.

२१ मे, गुरुवार

पूजेला बसले, पण देवाच्या तोंडाकडे बघवेना. कुणी कुणाला काय केलं ते कळत नाही. खोक्यातल्या किल्लीने गाडीला सांगायचं की मालक इथेच आहे, आणि माझ्या देवाने ते सांगू द्यायचं नाही. एका परीने देवाचंच बरोबर आहे. खोटंच बोलत होती ती.

पण मग माईचं काय?

डबी दुसरीकडे ठेवू म्हटलं. समोरचा मोठा कप्पा? त्यात चिनूचं चामड्याचं पाकीट, पट्टा, नि कसली तरी उघडी पुडी. गिअरजवळ? तिथे चिकट पेला, सुटे पैसे, दाढीचं काहीतरी. शी. घर झाडते मी रोज, आणि हा पोरगा उकिरडा घेऊन हिंडतो. मांडीवर घ्यावी तर शेजारी माई, तिला डायपर असतो. सोवळं कुठे राहिलं? माईपुढे कसलं सोवळं, असं मनात आलं आणि लगेच कान धरले.

तरी आलं ते आलं.

२४ मे, रविवार

डबी मांडीवर घेऊन रंगीत तालीम. देवास ते इंदूर नि परत, मध्ये जागोजागी बंद करून चालू. दर वेळी लागली. हे म्हणाले, "सापडला रोग!" चिनूने रश्मीला गुलाबजाम आणले. मला हायसं वाटलं, इतकं की वाटेत दादाला फोन करून सांगितलंही. पुढच्या रविवारी येतो माईला न्यायला.

संध्याकाळी चिनू एकटाच डेअरीवर दही आणायला गेला. डबी देवघरात. मी नाही, देव नाही, कुणी नाही. गाडी बंद पडली. लाल दिवा. दही हातात घेऊन अर्धा तास उभा. मग लागली.

वीट आला. लिहायलाही वीट आला. एखादी गोष्ट बिघडली तर पूर्ण बिघडावी, माणूस सोडून देतो. हे लागते-लागत नाही, लागते-लागत नाही, याने जीव कुरतडला जातो.

दादाला कळवलं नाही.

२७ मे, बुधवार. एकादशी.

दादाने इंदूरला आगाऊ पैसे भरले. "रविवारी तुम्ही नेलंत तर बुडाले समज. पण मला खात्री हवी. सोमवारी तिथली गाडी येणार आहे, तिला न्यायला." म्हणजे ॲम्ब्युलन्सच. नाव वेगळं दिलं म्हणून काय झालं!

माईला सांगितलंत का, विचारलं. "तिला काय कळतंय?" तिला सगळं कळतं. "येते" म्हणाली ती कुणाला म्हणाली मग?

गोलूला चिनूने पुन्हा फोन केला. "कॉइल की दिक्कत होगी, शादी से लौट के देखता हूँ." कसली शादी आहे ही, अधिक महिन्यातसुद्धा चालली आहे.

२९ मे, शुक्रवार

ठरवलं. रविवारी देव घरी राहतील. शंकाच नको. बंद पडलीच तर यंत्रामुळे पडेल, माझ्यामुळे नाही, देवामुळे नाही.

म्हणजे पूजा रश्मीने करायची. लग्न होऊन आल्यापासून मी तिला देवघरात नुसती फुलं द्यायला घेत आले. तिला मंत्र येत नाहीत, वाचताना अडखळते, ताम्हन उलटं ठेवते. आज शेजारी बसवून शिकवलं. आधी दिवा, मग स्नान, टाकाला पाणी घालायचं नाही, ओल्या कापडाने पुसायचा. तिने मोबाइलमध्ये टिपून घेतलं. देवनागरीत लिहिलं, मुद्दाम मला दाखवलं.

"चुकलं तर?" विचारते.

म्हटलं, "चुकलं तर चुकलं. उपाशी ठेवू नकोस म्हणजे झालं."

३१ मे, रविवार. धार.

वही पिशवीत होती म्हणून लिहिते आहे. दुसरं काही करू देत नाहीत.

पहाटे निघालो, ऊन व्हायच्या आत. वाटेत कुठेही थांबलो नाही, गाडी बंद करायचीच नाही असं ठरलं होतं. ह्यांना बेटम्याला उतरायचं होतं तर गाडी चालू ठेवून उतरले. तेवढं पेट्रोल फुकट गेलं, जाऊ दे. इथे आल्यावर मात्र बंद करावी लागली. दादा म्हणाला, गल्लीत धूर नको.

रश्मीचा फोन आला होता. "आई, नैवेद्याला खडीसाखर संपली. साधी साखर चालेल?" म्हटलं चालेल. "आणि आई, बाळकृष्णाला टोपी घातली." उन्हाळ्यात टोपी! हसू आलं. महिनाभरात पहिल्यांदा.

माई तयार आहे. तेच जांभळं लुगडं. तिचं गाठोडं वहिनीने बांधलं. औषधं वेगळी, दुपट्टी वेगळी, पाठीला लावायची पावडर वेगळी, प्रत्येकावर चिठ्ठी. आता वेणी घालते आहे. मी पुढे झाले तर म्हणाली, "राहू द्या वन्सं, मला तिचा गुंता माहीत आहे." सावकाश घालते आहे. फार सावकाश. तिच्या हाताकडे बघितलं आणि घाई करा म्हणायचं जिभेवर आलेलं गिळलं.

चिनूने खिडकीतून रिमोट दाबला. खाली गाडी लागली, पहिल्या झटक्यात. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत यावेळी. दादा खिडकीत उभा आहे, हात मागे बांधून. आवाज वर येतो आहे, एकसुरी. दहा मिनिटं कुणी आत बसलं नाही तर आपोआप बंद होते, तशी सोय आहे म्हणे त्यात.

माईने माझ्याकडे बघून विचारलं, "देव?"

म्हटलं, "घरी आहेत. तुझी वाट बघताहेत."

तिने मान हलवली. अर्ध्याच बाजूने हसली, दुसरी बाजू हसत नाही.

वहिनीने वेणीला गोफ लावला. पुन्हा सोडला. घट्ट झाला म्हणे. पुन्हा बांधते आहे. चिनू वेताची खुर्ची घेऊन आला. ह्यांनी गाठोडं उचललं.

आवाज थांबला.

दादा वळला. सगळेच माझ्याकडे बघताहेत. दहा मिनिटं झाली म्हणून थांबला असेल. झाली असतील दहा मिनिटं. वेणीला तेवढा वेळ लागलाच असेल. चिनू रिमोट शोधतो आहे खिशात, या खिशात, त्या खिशात.

माईने हात पुढे केला आहे. चांगला हात. वही ठेवते.